खड्यातले उन्हाळे

"फोड," ती म्हणाली. "माज्या डोळ्यांसमोर फोड."

टेबलावर तिनं स्टीलचा डबा ठेवला होता. झाकण काढलं तर आत केळीच्या पानात गुंडाळलेलं माशाचं भलंमोठं डोकं. पानाखालचा बर्फ वाटेतच वितळला होता आणि त्याचं पाणी डब्याच्या कडेनं माझ्या कागदांकडे निघालं होतं. मी कागद उचलले. ती तशीच उभी. काष्ट्याचं हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि चेहऱ्यावर उन्हातून चालत आलेल्या माणसाची कोरडी चमक.

"मावशी, बसा आधी. कुठून आलात?"

"आडखारवरनं. चांगुणा मोकल. आमच्या जिताडा संघाला तुमी कागद धाडलाय ना, एक तळं खोटं निघालं म्हनून? ते तळं माजं."

त्या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा अलिबागजवळच्या एका लहानशा मत्स्यसंशोधन केंद्रात नुकती लागले होते. मूळची बार्शीची, आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, भरती-ओहोटी मी पुस्तकात वाचलेली. पण काम मला आवडलं होतं. बाजारात आलेला मासा कुठल्या पाण्यातला आहे, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं, असं ते काम.

माशाच्या डोक्यात, मेंदूच्या पाठीमागे, दोन पांढरे खडे असतात. त्यांच्या आधारानं मासा तोल सांभाळतो, ऐकतो. मासा वाढतो तसा खडाही पापुद्र्यावर पापुद्रा घेत वाढतो, आणि ज्या पाण्यात मासा असेल त्या पाण्याची चिमूट त्या त्या पापुद्र्यात कायमची अडकून राहते. स्ट्राँशियम नावाचं एक द्रव्य आहे. खाऱ्या पाण्यात ते पुष्कळ, गोड्यात थोडं. खडा मधोमध कापायचा, काचेसारखा घासायचा, त्यावर लेसरची केसाएवढी रेघ ओढायची. कुठल्या पापुद्र्यात ते द्रव्य किती, हे मग यंत्र सांगतं.

आडखार हे खारेपाटातलं गाव. म्हणजे समुद्राला बांध घालून मागे सारलेली जमीन. बांधाच्या आत भात, बाहेर खाडी. घराघराच्या मागे एक तळं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची आणि पोरासारखी वाढवायची. जावई आला, व्याही आला, कचेरीत एखादं काम अडलं, की तळ्यात जाळं पडायचं. पुढे मुंबईच्या हॉटेलांना या माशाची चटक लागली आणि व्यापारी खाडीतला जिताडा तळ्यातला म्हणून खपवू लागले. तेव्हा गावानं संघ काढला. प्रत्येक तळ्यातल्या एका माशाचे खडे आमच्याकडे यायचे. तळं खरं ठरलं की त्या घरच्या माशाच्या कल्ल्यावर संघाचा बिल्ला लागायचा.

सगळी तळी खरी निघाली होती. हिचं सोडून.

"मावशी, खडा फोडत नाहीत, कापतात," मी म्हटलं.

"मंग काप."

"त्याला वेळ लागतो. आणि निकाल तर आधीच्या माशावरून कळवलाय."

"पुरा खडा वाचलास त्याचा?"

"शेवटचा पापुद्रा वाचतो आम्ही. विकण्याआधी मासा कुठल्या पाण्यात होता, एवढंच संघानं विचारलंय."

"मान्साचा शेवटचा घास हुंगून सांगशील काय गो, त्यो कुनाच्या घरात वाढला?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"मासा खातीस का तू?"

"नाही."

"घ्या! मासा न खानारीनं माज्या माशाचं गाव ठरवलं."

मला हसू आलं. तिला आलं नाही. मी हातमोजे चढवले, डोक्याच्या मागल्या बाजूनं कवटी उघडली आणि चिमट्यानं दोन्ही खडे काढून काचेवर ठेवले. भोपळ्याच्या बीएवढे, दुधाळ. ती वाकून बघत राहिली.

"एवढासा," ती म्हणाली. "यानं माजी अब्रू खाल्ली?"

"परत तपासते. कडेपासून नाही, मधल्या ठिपक्यापासून. जन्मापासून."

"तपास. आन काय निघंल ते मना नको सांगू. गावात ये आन देवळात सांग, सगळ्यांसमोर. येशील?"

"निकाल कागदावर पाठवते ना."

"कागद नको. कागद कुनीबी कसाबी वाचतो. तू ये."

डबा तिथंच ठेवून ती निघाली. दारातून वळून म्हणाली, "डोकं कुनाला तरी दे. सार चांगलं होतं त्याचं."

यंत्राची पाळी यायला थोडे दिवस गेले. रेघ ओढून झाली आणि पडद्यावर आलेखाची ओळ उमटली, तेव्हा आमचे प्रमुख केळुसकर सर चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे होते.

मधोमध उंच टेकडी. पिल्लू खाडीत जन्मलं होतं, ते ठीक. मग ओळ एकदम खाली उतरली आणि पुष्कळ काळ सपाट चालली, हे तळं. मग मात्र ती हलायला लागली. एक छोटा उंचवटा, पुन्हा खाली. दुसरा उंचवटा, पहिल्याहून मोठा, पुन्हा खाली. तिसरा सगळ्यांत मोठा, आणि तिथंच खडा संपला होता. मी पापुद्र्यांशी ताडून बघितलं. उंचवटे उन्हाळ्याचे होते, खळगे पावसाळ्याचे.

"खाडीत पळालेला मासा," सर म्हणाले.

"पळाला तर दर पावसाळ्यात परत कसा येतो? बांध आहे मधे."

सरांनी कप खाली ठेवला. "तुला काय वाटतं?"

"मासा कुठं गेलाच नसेल, सर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जीप दिली.

वैशाखातला आडखार म्हणजे भेगाळलेली खाचरं आणि क्षितिजावर आडवी पडलेली एक मातकट रेघ. ती रेघ म्हणजे बांध. संघाचे चेअरमन नारायण थळे मला रस्त्यावर घ्यायला आले होते. शांत माणूस, बोलताना टोपी काढून पुन्हा घालायची सवय.

"मॅडम, आमची तिच्यावर खुन्नस नाय," चालता चालता ते म्हणाले. "तुमचा कागद आला तवा आमी जुनीजाणती मानसं तिच्या तळ्यावर गेलो. पायरीवर बसलो, ओंजळ भरली, प्यालो. गोड! शहाळ्यावानी. आता पानी गोड आन मासा खारा, तर मासा त्या पान्यातला कसा? तिला म्हटलं, मारुतीला नारळ फोड, चुकलं म्हन, यंदा बिल्ला नाय, पुढल्या साली ये. झालं! पन ती आयकत नाय."

"दुसरं काही कारण असू शकतं, असं नाही वाटलं?"

"धर्माचं घर हाय ते, मॅडम. तिचा नवरा. वाईट बोलताना आमचीच जीभ जड होते."

मग त्यांनी मला बांध दाखवला. प्रत्येक घराकडे बांधाचा एकेक तुकडा. राखायचा त्यांनी, डागडुजी त्यांची. दुसऱ्याच्या तुकड्यावर परक्यानं कुदळ चालवायची नाही, पहिला घाव घरच्याच माणसाचा. दर चैत्रात सगळा गाव बांधावरून चालत जातो. कुठं खेकड्याचं बीळ, कुठं भेग, ते काठीनं टोचून बघतो आणि ज्याचा त्याला बोल लावतो.

"तुमच्या तुकड्यालाही?"

"मना तर जास्तच." ते हसले. मग एका जागी थांबले आणि त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या. "हा धर्माचा. इथं आमी काठी नाय टोचत. मागं मोठं उधाण आलं, दोन्हीकडचे बांध गेले आन हा राहिला. रातभर पाठ लावून उभा होता बाबा. तवापासनं इथं आलो की वहाना हातात, नजर समोर. याचा बांध तपासायचा म्हंजे त्याच्या तोंडावर थुंकायचं."

मीही चपला काढल्या. माती तापली होती. बांधाच्या एका अंगाला ओहोटीची खाडी, काळसर चिखल, त्यात पाय रुतवून उभे बगळे. दुसऱ्या अंगाला, अगदी बांधाच्या पोटाशी, एक हिरवं तळं आणि कौलारू घर.

पडवीत खाटेवर धर्मा मोकल पडला होता. उजवं अंग लुळं, तोंड किंचित एका बाजूला ओढलेलं. पण डोळे बांधावरून येणाऱ्या प्रत्येकाला मोजणारे.

"कोन गो?" त्यानं विचारलं.

"खडेवाली," आतून बाहेर येत चांगुणा म्हणाली. "बार्शीची हाय."

"बार्शीला पानी नसतं ना?"

"नसतं," मी म्हटलं.

"मंग पान्यातलं हिला काय कळनार!" तो हसला आणि ते हसू अर्ध्याच तोंडावर उमटलं. "च्या दे तिला. दुष्काळातनं आलीय."

चहा झाल्यावर नारायण थळे देवळाकडे गेले. संध्याकाळी सगळे जमणार होते. मी पिशवीतून बाटली काढली. गळ्याला दोरी, बुडाला शिशाचं वजन, बुचाला दुसरी दोरी. पाणी तळाशी गेल्यावर बूच ओढायचं, म्हणजे फक्त तळाचं पाणी आत येतं.

"मावशी, मला तळ्याच्या मधोमध जायचंय."

"पोहता येतं?"

"नाही."

"मंग मीच जाते. बुडालीस तर मना साक्षीदार कोन राहील?"

केळीचे खुंट बांधलेला एक तराफा काठाशी होता. ती त्यावर गुडघे टेकून बसली आणि हातानं पाणी मागे सारत मधे गेली. मी काठावरून सांगत होते: सोडा, अजून सोडा, आता ओढा. तिनं बाटली वर काढली, पदराखाली धरली आणि परत आली. एवढं सगळं तिनं पडवीकडे पाठ करून केलं, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्यात काही असेल असं वाटलं नाही.

मी आधी पायरीवरच्या पाण्याचा खारटपणा मीटरवर मोजला. गोड. मग बाटलीतलं मोजलं. काटा सरसर वर गेला. तिनं बाटलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"हां," ती म्हणाली. एवढंच.

"खारं पाणी जड असतं, मावशी. ते तळाशी बसतं आणि गोडं वर तरंगतं. पायरीवरून ओंजळ घेतली तर गोडच लागणार. पण जिताडा तळाशी राहतो. तुमचा मासा खाडीत गेलेला नाही. खाडीच त्याच्याकडे आलीय."

"कुठनं?"

"बांधाखालून. उन्हाळ्यात तळं उतरतं, तेव्हा बाहेरची भरती आत रेटते. पावसाळ्यात तळं भरलं की आतून दाब बसतो, मग थांबतं. खड्यात तेच दिसतंय. आणि दर उन्हाळ्याला वाढतंय."

"हळू बोल."

ती पायरीवर बसली. पलीकडे पडवीत खाट करकरली.

"ही चांगली बातमी आहे," मी आवाज खाली आणून म्हटलं. "मासा तुमचा. संध्याकाळी मी तसं सांगते."

"आन बांधाचं?"

"तेही सांगावं लागेल. नाहीतर खारं पाणी आलं कुठून?"

"नारळ फोडला तर?"

"म्हणजे?"

"चुकलं म्हनले, खाडीचा मासा इकला म्हनले, तर बांधाचं कुनी इचारनार नाय."

"नाही विचारणार. पण बांध तर झिरपतच राहील. किती दिवस धरेल?"

"जेठाच्या उधानापर्यंत धरंल. वारं मागनं आलं तर नाय." तिनं हे सरळ सांगितलं, भाव सांगावा तसं. "फुटला तर सगळ्या गावाची जमीन खारट. पुढं किती साल भात नाय यायचा."

"तुम्ही बांध बघता ना आता? हे खाटेला खिळल्यापासून?"

"बघते. येऊन त्याला सांगते, ठीक हाय. हात नाय लावत." आणि माझ्याकडे न बघता, तळ्याकडे बघत, तिनं हलक्या आवाजात दोन ओळी म्हटल्या:

*दर्या मागतो गं वाट, त्याला वाट देऊ नये*
*घरधन्याच्या बांधाला बाई नख लावू नये*

"जात्यावर म्हनायची माजी आये. तिच्या टायमाला बांधावर बाईची सावली नको असायची. आता सावली चालते." ती उठली. "त्याचं अर्धं अंग गेलं, बाय. राहिलं काय? लोक वहाना हातात घेतात तेवढं. खाटेवरनं रोज बघतो त्यो, कुनी काढल्या, कुनी नाय."

"मग मी संध्याकाळी काय सांगू?"

"खड्यात हाय ते. तू सांग. मी नाय सांगनार."

मारुतीच्या देवळात फरशीवर पंचवीस-तीस माणसं बसली होती. बायका खांबांच्या मागे. मी आलेखाचा कागद आणला होता, पण तो कुणी हातात घेईना, म्हणून मी तोंडानंच सांगितलं: पिल्लू, तळं, उन्हाळे, पावसाळे, बाटलीतलं पाणी.

"म्हंजे मासा खरा," कुणीतरी म्हणालं.

"खरा."

"चांगूबाय खरी."

"हो."

"आन धर्माचा बांध फुटका?"

"फुटका नाही. झिरपतोय. खालून."

आधी एक जण हसला. मग दोघं-तिघं. नारायण थळ्यांनी टोपी काढली.

"मॅडम, माशाचं तुमी सांगितलंत, आमी आयकलं. बांध तुमचा विषय नाय."

"पण तेच पाणी—"

"माज्या तुकड्यातनं येत असंल. शेजारच्या तुकड्यातनं येत असंल. त्याच्यातनं नाय."

"मी म्हनतो खडाच खोटा," मागून एक म्हातारा म्हणाला. "तवा येक बोलला, आता दुसरंच बोलतो. मान्सासारखा हाय की!"

आता सगळेच हसले. मी चांगुणाकडे बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती. त्या क्षणी खडा खोटा म्हणून तिला फक्त मान हलवायची होती. ती खोटी ठरली असती आणि बांध खरा राहिला असता. किंवा ती खरी आणि बांध खोटा. गावाला पहिलं सोपं वाटत होतं.

"चांगूबाय," थळे म्हणाले, "तूच सांग. धर्माचा बांध पानी घेतो?"

"मना नका इचारू," ती म्हणाली. "त्याचा बांध, त्याला इचारा."

अजून उजेड होता. सगळे उठून तिच्या पडवीत आले. काही अंगणात थांबले. खाटेजवळ मी पुन्हा तेच सांगितलं. धर्मानं मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"खारे उन्हाळे किती हायेत खड्यात?"

"तीन."

"तीन." त्यानं डाव्या हातानं लुळा उजवा हात उचलून छातीवर ठेवला. "दोन खाटेवरचे. येक माज्या पायांवरचा."

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही.

"सकाळच्या व्होटीला मना बांधावर न्या," तो म्हणाला. "कुदळी आना. पेंढा आना. सगळ्या घरांतनं मानूस पायजे."

"धर्मा, अरे ही पोर काय सांगते आन तू—"

"नारायना, न्यायचं का नाय?"

त्या रात्री मी चांगुणाच्या घरी राहिले. नवराबायको एकमेकांशी एक शब्द बोलल्याचं मी ऐकलं नाही. तिनं त्याला भरवलं, तोंड पुसलं, पांघरूण घातलं.

सकाळी चौघांनी त्याला खुर्चीसकट उचललं. ओहोटीनं खाडी दूर गेली होती आणि उघड्या चिखलावर ऊन नुकतं पसरत होतं. खुर्ची बांधाच्या माथ्यावर नेऊन त्याच्या तुकड्यावर ठेवली. माणसं सवयीनं वहाणा काढायला वाकली.

"राहू द्या पायात," तो म्हणाला. "चिखलात उतरायचंय."

मग त्यानं इकडं बघितलं नाही, तिकडं बघितलं नाही. डाव्या हाताचं बोट थेट एका जागेवर रोखलं: बाहेरच्या अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर, जिथं गवत बाकीच्यासारखंच गवत होतं.

"हितं."

"तुना कसं ठाऊक हितंच?" थळ्यांनी विचारलं.

"मीच बुजवलंय ते. बुजवत होतो त्याच सांजेला पडलो." त्याचा श्वास लागत होता, तो शब्द एकेक करून ठेवत होता. "माज्या बापानं पानी सोडायची जुनी लाकडी मोरी आत तशीच ठेवून वर माती घातलेली. ती कुजली. मना येका जेवनात कळलं. तळ्याच्या माशाला मातीचा वास असतो. त्या उन्हाळ्याला नव्हता. खाडीच्या माशासारखा सोच्छ लागला. दोन घास खाल्ले आन उठलो."

"आन बोलला नाहीस?"

"बांधावरनं जाताना तुमी वहाना काढत होता, नारायना."

चिखलात कुठंतरी खेकडा सरकल्याचा बारीक आवाज आला.

"तुमी हिला खोटी म्हनलात, तवाबी नाय बोललो," तो म्हणाला. "पडवीतनं सगळं आयकत होतो."

सगळ्यांचे डोळे चांगुणाकडे गेले. ती आधीच खाली उतरली होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, हातात कुदळ. तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले.

"मना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. मासा रांधते कोन? तुमाना वास कळतो आन मना कळत नाय?" तिचा आवाज चढला नाही. "तुमी दोन घास खाऊन उठलात, तवाच कळलं. दोन सालं वाट बघितली, आज बोलाल, उद्या बोलाल. रोज येऊन ठीक हाय सांगत होते. वाटलं, येक दिवस तरी म्हनाल, चांगुना, ठीक नाय. यंदा तळ्याकडचं खाचर मिठानं पांढरं पडलं. मंग काय करू? माज्या तोंडून आयकलं असतं तुमी?"

त्यानं डावा हात मांडीवर घेतला.

"मान्साच्या तोंडून आयकलं नसतं," ती म्हणाली, "म्हनून माशाचं तोंड घेऊन गेले."

मी बांधाच्या उतारावर उभी होते. कागद नको, गावात येऊन सांग, असं ती का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं. तिला अब्रू परत नको होती. निदान तेवढीच नको होती.

"घाव घाल," धर्मा म्हणाला.

तिनं कुदळ उचलली आणि नवऱ्याच्या बांधावर पहिला घाव घातला. दुसरा. तिसऱ्या घावाला माती ढासळली आणि आतून कुजक्या लाकडाचा काळा तुकडा दिसला. त्याच्या खालून बोटाएवढी पाण्याची धार, शांत, जणू घरचीच. मग सगळे उतरले. कुजलेलं काढलं, मुळं तोडली, ताज्या चिखलात पेंढा मळून गोळे केले, आणि ते हातोहात येऊ लागले: बायकांकडून बापयांकडे, बापयांकडून चांगुणाकडे. माझ्याही हातातून शंभर गेले असतील. दूर खाडीची कड चमकायला लागली होती. पाणी भरतीकडे वळलं होतं.

अर्धं भोक भरल्यावर चांगुणा थांबली. "खुर्ची खाली घ्या," ती म्हणाली.

"अगो, चिखलात?"

"घ्या."

चौघांनी खुर्ची उतारावरून खाली आणली. तिचे मागचे पाय रुतले आणि ती जरा कलली. थळ्यांनी पाठीला खांदा दिला. आता भोक धर्माच्या डाव्या हाताच्या अंतरावर होतं. चांगुणानं एक ओला गोळा घेतला, दोन्ही हातांनी नीट वळला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. त्याचा हात वजनानं खाली गेला. तिनं खालून आपला हात लावला.

त्यानं गोळा भोकात बसवला. दाबला. बोटांच्या फटींतून चिखल बाहेर आला, आणि त्याच्या मागोमाग पाण्याचा एक थेंब.

"अजून येतंय," ती म्हणाली.

"दिसतंय मना."

"मंग दाबा."